बेलापूरच्या पाटीखालीं

नगरास जाण्याचे प्रसंग आम्हांस यापूर्वीं दोन-तीनदां आले होते, परंतु ते सर्व लग्नमुंजीचे. मोटारींतून कार्यालयांत व कार्यालयांतून परत मोटारींत, एवढेंच नगर आम्हीं पाहिलेलें. यंदाच्या पौषांत गेलों तें मात्र निराळ्याच कामाकरितां. आमच्या पुतणीला तेथें टेबल टेनिसच्या एका खुल्या स्पर्धेंत खेळावयाचें होतें. तिच्या वडिलांना रजा मिळाली नाहीं, आणि पोरीला घेऊन वहिनींनीं एकट्यानेंच जावें हें आमच्या मातोश्रींना प्रशस्त वाटेना. घरांतला रिकामा माणूस म्हणून आमची नेमणूक झाली. तेव्हां ‘आम्ही नगरास गेलों’ असें म्हणण्यापेक्षां ‘आम्हांस नगरास नेण्यांत आलें’ असें म्हणणेंच खरें.

प्रवास साधा असला तरी त्यामागें घरांतला एक तंटा होता, तो सांगितल्यावांचून पुढील हकीकत वाचकांस कळावयाची नाहीं. मुलगी अठराव्या वर्षांत आहे. बारावीला गुण चांगले पडले, अभियांत्रिकी महाविद्यालयांत जागा मिळाली, पहिली सहामाहीहि बऱ्यापैकीं पार पडली. आणि ऐन दिवाळींत, फराळाच्या पानावर, तिनें जाहीर केलें कीं, दोन वर्षें शिक्षण बाजूला ठेवून मुंबईस राहावयाचें व खेळावयाचें. दादा कांहीं बोलले नाहींत. ते रागावले म्हणजे बोलत नाहींत, हें आम्हां सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या सहामाहीचें शुल्क महिनाअखेर भरावयाचें होतें. तो कागद त्यांच्या मेजावर दाबणाखालीं पडून होता, आणि येतां-जातां प्रत्येक जण त्याकडे पाहून पुढें जात होता.

पोर डावखुरी आहे. लहानपणीं ती पानावर बसली कीं मातोश्री तिचा डावा हात धरून मांडीखालीं ठेवीत, आणि उजव्या हातानें भात कालवावयास लावीत. जेवणापुरता तो हात सुधारला. बाकीचा तसाच राहिला. पुढें त्याच हातानें ती बक्षिसें आणूं लागली, तेव्हां मातोश्रींनीं तीं देवाजवळ ठेवलीं खरीं, पण ठेवतांना ‘उजव्या हातानें दे ग’ असें म्हणावयास त्या विसरल्या नाहींत. या खेळांत डावरेपणा हें व्यंग नसून भांडवल आहे, असें आम्हांस मागाहून कळलें. दुहेरी सामन्यांत जोडीदारांनीं आळीपाळीनेंच चेंडू मारावयाचा असा नियम आहे. एक डावा व एक उजवा असले कीं ते एकमेकांच्या पायांत येत नाहींत.

पुण्याहून शिरूर, सुपें असा रस्ता. शिरूरला घोडनदी ओलांडली कीं जिल्हा बदलतो व जमीनहि बदलते. माळ उघडा पडत जातो. मलिक अहमद निजामशहानें १४९४ सालीं वसविलेल्या या शहराला व जिल्ह्याला आतां अहिल्यानगर म्हणतात. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ सालीं याच जिल्ह्यांतील चोंडी गांवीं झाला. सरकारनें २०२४ सालीं त्यांचें नांव दिलें. आमच्या तोंडून मात्र नगर हेंच नांव निघतें. तेवढ्यापुरतें वाचकांनीं आम्हांस क्षमा करावी. भुईकोट किल्ला अजून लष्कराच्या ताब्यांत आहे. खंदकाच्या कडेनें आम्ही एक फेरी मारली. याच तटांमागें १९४४ सालीं जवाहरलाल नेहरूंनीं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिला, आणि मौलाना आझादहि त्याच तुरुंगांत होते, असें आम्ही मोठ्या आवेशानें सांगूं लागलों. परंतु पोरीचें लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे होतें. तिचा पहिला सामना दोन वाजतां होता.

सामने ज्या दिवाणखान्यांत होते त्याचें नांव येथें सांगत नाहीं. जमीन गुळगुळीत व दिवे मंद, एवढेंच सांगतों. टेबलें मात्र कोठेंहि गेलें तरी सारखींच: नऊ फूट लांब, पांच फूट रुंद, अडीच फूट उंच, मध्यें सहा इंचांची जाळी. एवढ्या जागेंत जें चालतें तें पाहून आमचे डोळे दिपले. आमच्या तरुणपणीं कचेरीच्या विश्रांतिगृहांत आम्हीहि हा खेळ खेळलों आहों, परंतु तो खेळ निराळाच म्हटला पाहिजे. तेव्हां डाव एकवीस गुणांचा असे; २००१ सालापासून तो अकरांचा झाला, म्हणजे हातांत घाम येण्यापूर्वींच तो संपतो. २००० सालीं चेंडूचा व्यास ३८ मिलिमीटरचा ४० करण्यांत आला, कां तर चेंडू थोडा मंदावावा आणि पाहणाराला दिसावा. २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन प्लॅस्टिक आलें. हा चेंडू पावणेतीन ग्रॅमहूनहि किंचित् हलका आहे. आणि त्यापायीं आमचें पांच माणसांचें घर तीन महिने एकमेकांशीं नीट बोललें नव्हतें.

याच संदर्भांत आमच्या थोरल्या काकांची आठवण झाली. ते आतां नाहींत. १९५२ सालीं मुंबईस टेबल टेनिसचे जागतिक सामने झाले, आशियांतले पहिलेच, तेव्हां ते तेथें शिकत होते व तिकीट काढून गेले होते. जपानच्या हिरोजी सातो या किरकोळ बांध्याच्या, चष्मा लावणाऱ्या खेळाडूनें जाड स्पंजाची फळी आणली होती. फळीचा ठोका ऐकून चेंडूचा वेग ओळखण्याची सवय असलेले युरोपचे नामांकित गडी त्या मुक्या फळीपुढें गोंधळले, आणि सातो जगज्जेता झाला. काका म्हणत, ‘टाळ्यांशिवाय दुसरा आवाजच नव्हता रे!’ आजच्या बहुतेक फळ्यांवर रबराखालीं स्पंज असतोच. आमच्या पोरीच्या फळीचें रबर दर दोन-तीन महिन्यांनीं उलगडून नवें चिकटवावें लागतें, आणि त्याचा खर्च वहिनी घरखर्चाच्या वहींत ‘किरकोळ’ या सदरांत मांडतात. तो किरकोळ नसतो, हें दादांना माहीत आहे, आणि दादांना माहीत आहे हें वहिनींनाहि माहीत आहे.

पहिले दोन सामने तिनें सहज जिंकले. तिसऱ्यांत समोर चौदा वर्षांची एक मुलगी आली. तिच्या फळीच्या एका बाजूस लांब दाण्यांचें रबर होतें. असल्या रबरावर चेंडू गेला कीं तुम्हीं दिलेली फिरकी उलटी होऊन तुमच्याकडेच येते. जितका जोर लावावा तितकें आपलेंच आपल्यावर उलटतें. आमच्या पोरीनें जोर लावला. दोन डाव तिकडे, दोन डाव इकडे, आणि पांचवा अकरा-नऊ असा त्या चौदा वर्षांच्या मुलीचा. हरल्यावर हात मिळवून ती आमच्याजवळ येऊन बसली व पायांतले जोडे सोडूं लागली. गांठ सुटेना. वहिनी खालीं वांकून गांठ सोडूं लागल्या, तेव्हां ती म्हणाली, ‘आई, सगळे पाहताहेत.’ वहिनींनीं गांठ सोडलीच.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुण्यास परतण्याऐवजीं आम्ही आगगाडीनें श्रीरामपूरला निघालों. वहिनींचें आजोळ तेथें. त्यांचे मामा ऐंशीच्या घरांत आहेत व भेटींत खंड पडला होता. दौंड-मनमाड हा लोहमार्ग १८७८ सालचा. नगर सोडल्यावर विळदचा घाट उतरून गाडी गोदावरीच्या खोऱ्यांत शिरते, आणि खिडकींतील देखावा पाहतां पाहतां बदलतो. वांबोरी, राहुरी, मग मुळा व प्रवरा या दोन्ही नद्या मागें टाकल्या कीं जिकडेतिकडे ऊंस. ही सर्व भंडारदऱ्याच्या पाण्याची करणी. १९२६ सालीं तें धरण पुरें झालें, प्रवरेचे कालवे वाहूं लागले, हरेगांवास बेलापूर कंपनीचा साखर कारखाना निघाला. १९३३ सालीं डहाणूकरांनीं टिळकनगर वसविलें. लोकमान्यांच्या नांवाच्या त्या वसाहतींत पुढें साखर मागें पडून मद्याचा धंदा वाढला, यावर मामांची एक ठराविक कोटी आहे; ती येथें छापण्याजोगी नाहीं. पलीकडे लोणीस विठ्ठलराव विखे पाटलांनीं धनंजयराव गाडगिळांच्या साहाय्यानें १९५० सालीं सहकारी कारखाना उभा केला, ती गोष्ट सर्वश्रुत आहे. गाडींतून आम्हांस ऊंसतोडीच्या टोळ्या दिसल्या. त्याच जिल्ह्याच्या पाथर्डीकडील कोरड्या भागांतून दरसाल हीं माणसें बाहेर पडतात. नवराबायकोच्या जोडीला येथें ‘एक कोयता’ म्हणतात. माणसाला त्याच्या हत्याराच्या नांवानें मोजण्याची ही रीत आम्हांस फार वेळ डांचत राहिली.

श्रीरामपूरच्या स्टेशनावर पाटी आहे ती मात्र ‘बेलापूर’ अशी. बेलापूर हें प्रवरेकांठचें जुनें गांव; आगगाडी आली तेव्हां त्याच्या वाटेवरचें स्टेशन म्हणून हें नांव पडलें, आणि कालव्यांच्या पाण्यावर स्टेशनाभोंवतीं निराळेंच शहर वाढलें तरी पाटी तीच राहिली. 

मामांचें घर जुनें, ऐसपैस. दुपारीं जेवणें झाल्यावर गोष्टी निघाल्या, त्या अर्थातच खेळावरून. श्रीरामपुरांत खेळाची गोष्ट निघाली आणि झहीर खान निघाला नाहीं, असें होत नाहीं. १९७८ च्या आक्टोबरांत त्याचा जन्म याच गांवीं झाला. मराठी बोलणारें मुसलमान घर. शिक्षण हिंद सेवा मंडळाच्या मराठी शाळेंत. अभियांत्रिकीस प्रवेश मिळत असतां वडिलांनीं त्याला सांगितलें कीं, देशांत अभियंते पुष्कळ आहेत, तूं जलद गोलंदाज हो. आणि सतराव्या वर्षीं त्याला मुंबईस नेलें, अशी हकीकत सर्वत्र सांगितली जाते. ही हकीकत मामांनीं सांगितली तेव्हां आम्हीं वहिनींकडे पाहिलें नाहीं, व वहिनींनीं आमच्याकडे पाहिलें नाहीं.

पुढचा मार्ग सरळ नव्हता. मुंबईस नॅशनल क्रिकेट क्लबांत सुधीर नाइकांच्या हाताखालीं तो शिकला, मद्रासच्या एम. आर. एफ. संस्थेंत डेनिस लिलीच्या नजरेखालीं त्याची गोलंदाजी घडली. परंतु भरल्या मुंबईच्या संघांत जागा कोठची? तो बडोद्याकडून खेळला, आणि २०००-०१ सालीं बडोद्यानें रेल्वेला हरवून रणजी करंडक जिंकला त्यांत त्याचा मोठा वांटा होता. २००० सालींच नैरोबींत त्यानें स्टीव्ह वॉची यष्टी मुळापासून उडविली. २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत पहिल्याच षटकांत त्याच्या पंधरा धावा गेल्या, हें आम्हींहि घरच्या दूरचित्रवाणीसमोर बसून पाहिलें आहे. आमच्या घरीं त्या षटकाविषयीं जें बोललें गेलें तें आठवून आज लाज वाटते. पुढें संघांतून वगळला गेल्यावर २००६ सालीं तो विलायतेंत वूस्टरशायर परगण्याकडे जाऊन राबला, आखूड पावलांनीं धांवावयास शिकला, आणि दुसऱ्या वर्षीं ट्रेंट ब्रिजला नऊ गडी बाद करून परत उभा राहिला. २०११ च्या विश्वचषकांत २१ बळी. कसोटींत ९२ सामन्यांत ३११. २०१५ सालीं त्यानें खेळ सोडला, तेव्हां त्याच्या डाव्या खांद्यानें काय काय सोसलें होतें तें त्याचें त्यालाच ठाऊक.

‘तोहि डावराच,’ मामा पोरीकडे पाहून कौतुकानें म्हणाले. पण पोरीचा चेहरा खुलला नाहीं. तिनें अदबीनें, परंतु हटून सांगितलें कीं, क्रिकेटची गोष्ट तिला लागू नाहीं. तेव्हां प्रथमच आम्हांस कळलें कीं, या पोरीनें आपल्या धंद्याचा हिशेब आमच्याहून अधिक बारकाईनें केला आहे. टेबल टेनिसचा व्यावसायिक खेळाडू हा आपल्या देशांत बहुधा कुणाचा तरी नोकर असतो. तेलकंपन्या, रेल्वे, रिझर्व्ह बँक यांच्या खेळाडूंसाठींच्या जागांवर त्याचें पोट चालतें. शरथ कमल दहा वेळां राष्ट्रीय विजेता झाला. तो इंडियन ऑइलच्या नोकरींत, आणि मोसमांत जर्मनीच्या संघांकडून खेळावयास जाई. २०२५ च्या मार्चांत, बेचाळिसाव्या वर्षीं, त्यानें मद्रासला निरोप घेतला. मुंबईचे कमलेश मेहता आठ वेळां राष्ट्रीय विजेते. १९८८ सालीं हा खेळ प्रथम ऑलिंपिकांत आला तेव्हां ते तेथें होते. पण रस्त्यांत त्यांना किती जण ओळखतील? ठाण्याची मधुरिका पाटकर व पुण्याची पूजा सहस्रबुद्धे या दोघी २०१८ सालीं गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल सामन्यांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिलासंघांत होत्या. आमच्या पुण्यांतल्याच मुलीचें हें पदक आम्हांस ठाऊक नव्हतें, हें येथें कबूल करतों.

‘आणि अर्चना कामत?’ वहिनी हळूच म्हणाल्या. म्हणजे हिशेब एकट्या पोरीनेंच केला नव्हता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकांत भारताचा महिलासंघ प्रथमच उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. जर्मनीशीं तो १-३ असा हरला, आणि तो एकुलता एक विजय अर्चना कामत हिचा. त्यानंतर थोड्याच दिवसांत, चोविसाव्या वर्षीं, तिनें व्यावसायिक खेळ सोडला व शिकण्याकरितां अमेरिकेची वाट धरली. पोर म्हणाली, ‘ती ऑलिंपिक खेळून गेली, आई.’ वहिनी म्हणाल्या, ‘पण शिकायला गेली ना?’ दोघींचेंहि म्हणणें खरें होतें, आणि म्हणून कोणी पुढें बोललें नाहीं.

इतका वेळ मामांचा मुलगा, म्हणजे वहिनींचा मामेभाऊ, दाराशीं उभा राहून ऐकत होता. त्याचें बाजारांत खतांचें दुकान आहे. चाळिशी उलटलेला, अंगानें थोराड. तो सतरा वर्षांचा होता त्या वर्षीं झहीर हिंदुस्थानच्या संघांत गेला. गांवांतील प्रत्येक पोराच्या हातांत तेव्हां चेंडू आला. यानें तर महाविद्यालय सोडलें व पुण्यास खोली घेऊन अडीच वर्षें गोलंदाजी केली. जिल्ह्याच्या संघापलीकडे तो गेला नाहीं. तो सहज हंसून म्हणाला, ‘झहीर झाला म्हणून आम्ही गेलों. तो गेला तेव्हां त्याच्यापुढें कोणीच नव्हतें.’

‘मग वाईट वाटतें?’ आम्हीं विचारलें. असा प्रश्न विचारूं नये हें विचारल्यावर कळलें.

‘वाईट वाटत नाहीं. तीं अडीच वर्षें बाबांनीं दिलीं नसतीं तर गल्ल्यावर बसून रोज त्यांच्या नांवानें बोटें मोडलीं असतीं.’

मामा सुपारी कातरीत होते; ते मान वर न करतां म्हणाले, ‘एक एकर मोसंबी गेली त्याच्यांत.’ आवाजांत तक्रार नव्हती. विहिरीची खोली सांगावी तसें त्यांनीं सांगितलें. मुलगा कांहीं बोलला नाहीं. मामींनीं आंतून विचारलें कीं, चहा टाकूं का, आणि आम्ही सर्वांनीं एकदम होकार दिला.

पोर मात्र उठून त्याच्याजवळ गेली. ‘मामा, सोडायचं हें तुम्हांला कसं कळलं?’

त्यानें थोडा विचार केला. ‘एक दिवस पाऊस पडला आणि सराव बुडाला. खोलीवर पडल्या पडल्या माझ्या लक्षांत आलें कीं मला बरें वाटतें आहे. दुसऱ्या दिवशीं मैदान कोरडें होतें, आणि मला बरें वाटेना. महिनाभर असें चाललें, मग घरीं पत्र टाकलें.’

पोरीनें मान हलविली. काल हरल्यापासून प्रथमच तिचा चेहरा मोकळा दिसला. तिला काय उत्तर मिळालें तें आम्हांस त्या वेळीं समजलें नाहीं, व अजूनहि नीटसें समजलें आहे असें नाहीं.

परतीच्या गाडीस उशीर झाला होता. संध्याकाळीं फलाटावर ‘बेलापूर’ या पिंवळ्या पाटीखालीं आमच्या वळकट्या ठेवून आम्ही बसलों होतों. मामींनीं दिलेल्या मोसंब्यांची पिशवी वहिनींच्या मांडीवर होती. तीं बाजारांतून आणलेलीं होतीं. पोरीनें पिशवींतून चेंडू काढला आणि डावा तळहात... नव्हे, सर्व्हिस करतांना चेंडू उजव्या तळहातावर असतो, हें आम्हीं त्याच दिवशीं नीट पाहिलें. तो तळहात सपाट धरून चेंडू निदान सोळा सेंटिमीटर सरळ वर गेला पाहिजे, नाहींतर पंच गुण कापतो. म्हणजे मातोश्रींनीं इतकीं वर्षें खपून सुधारलेला हात अगदींच वायां गेला नाहीं. ती चेंडू वर टाकी, झेली, पुन्हां टाकी. चाळीस-पन्नासदां झालें. एकदां तो निसटला व टपटपत फलाटाच्या टोंकाशीं बसलेल्या ऊंसतोडीच्या मंडळींकडे गेला. एका लहान पोरीनें तो धरला, कानाशीं हलवून पाहिला, आंत कांहीं नाहीं याचें नवल करून परत आणून दिला.

तेवढ्यांत दादांचा फोन आला. वहिनी बाजूला जाऊन बोलल्या; वारा आमच्या बाजूचा असल्यामुळें निम्में ऐकूं आलें. ‘हरली. हो, पांचव्या डावांत... नाहीं, रडली नाहीं... शुल्काचें म्हणतां? मुदत तीस तारखेपर्यंत आहे ना? मग राहूं द्या आज. घरीं आल्यावर बोलूं. तिच्याशींहि बोलूं.’

त्या परत येऊन बसल्या, पदर सारखा केला, आणि पोरीकडे न पाहतां विचारलें, ‘उद्यां सरावाला किती वाजतां जायचें आहे?’

‘सहा.’

‘मग पांचाचा गजर लावतें. गाडी दौंडला पोंचेपर्यंत झोंप काढून घे.’

गाडी आली तेव्हां अंधार पडला होता, आणि आम्हांस मिळालेली जागा नेमकी दिव्याखालची होती. त्यामुळें झोंप कोणालाच लागली नाहीं.